शरशय्येवरील सेवा
(भीष्माष्टमीनिमित्त मंदिरात केलेले निरूपण)

॥ श्री ॥



माघ शुद्ध अष्टमी ही भीष्माष्टमी होय. पितामह भीष्मांनी देह ठेवला तो हा दिवस, असे आपण मानतो. ज्याचे वडील हयात आहेत त्याने एरवी पितृतर्पण करावयाचे नसते. परंतु भीष्मांच्या तर्पणास ही आडकाठी शास्त्राने ठेवलेली नाही. ते आजन्म ब्रह्मचारी, त्यांना संतती नाही. म्हणून आपण सर्वच त्यांची लेकरे. आमचे तीर्थरूप ईश्वरकृपेने विद्यमान आहेत, तथापि आम्हीही दरवर्षी या दिवशी भीष्मांना पाणी देतो. यंदा ते पाणी ओंजळीतून सोडताना जे विचार मनात आले, ते सायंकाळी सभामंडपात बोलून दाखविले. आणि वडीलधाऱ्या मंडळींची आज्ञा झाली म्हणून येथे लिहून देत आहोत. आमचे वय लहान, शिक्षण शाळेपुरते. शास्त्रार्थ सांगण्याचा आमचा अधिकार नव्हे. घरात जे पाहिले आणि वडिलांच्या तोंडून जे ऐकले, तेवढेच पदरी आहे.

विषय असा, की दीर्घ रोगामुळे ज्याला आपले काम मध्येच सोडावे लागते, त्याने मन प्रसन्न कसे ठेवावे? वय झाले म्हणून जो निवृत्त होतो, त्याची गोष्ट निराळी. त्याला तो दिवस आधीपासून ठाऊक असतो. शाल-श्रीफळ मिळते, चार शब्द कौतुकाचे होतात, पुढे काशी-रामेश्वराचा बेत ठरलेला असतो. परंतु ज्याला रोगाने उठविले, त्याच्या निवृत्तीला ना मुहूर्त, ना समारंभ. शाळेतील फळा तसाच राहतो, कचेरीतील खुर्चीवर दुसरा बसतो, आणि हा मनुष्य भर दुपारी घराच्या ओटीवर बसून रस्त्याकडे पाहत राहतो. आपल्या इंदूर नगरीत आणि आपल्या सभासदांच्या घराघरांत अशी माणसे आहेत. कोणाला अर्धांगवायू झाला, कोणाचे हृदय अधू झाले, कोणाची दृष्टी गेली. आमच्या घरी कंपवात आला.

आमचे तीर्थरूप या मंदिराचे पुजारी होते, हे आपणांस ठाऊकच आहे. पहाटे सोवळे नेसून गाभाऱ्यात शिरावे, सहाणेवर चंदन उगाळावे, पिंडीवर गळती लावून रुद्र म्हणावा, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. सन 2021 मध्ये त्यांचा उजवा हात स्वस्थ असताना आपोआप हलू लागला. आम्हांस ते थंडीमुळे वाटले. पुढे अभिषेकाच्या पावत्यांवरील त्यांचे अक्षर बारीक होत चालले. पहिला शब्द मोठा, आणि ओळ संपेतो मुंगीएवढा. चालताना गाभाऱ्याच्या उंबरठ्याशी पाय जमिनीस खिळल्यासारखे होत. एका सोमवारी भक्तांच्या गर्दीत त्यांच्या हातून पंचामृताची वाटी निसटून पडली. त्या वेळी मागून कोणी हळूच म्हणाले, 'पूजेत काही न्यून राहिले असेल, त्याशिवाय देव आपल्याच पुजाऱ्याचा हात असा धरील का?' बोलणाराच्या मनात वैर नव्हते. परंतु ते शब्द तीर्थरूपांनी ऐकले. सन 2023 च्या विजयादशमीस त्यांनी विश्वस्त मंडळींना दोन ओळींचे पत्र लिहून पूजेचा भार खाली ठेवला. त्या पत्रातील शेवटचा शब्द आम्हांस वाचता आला नाही, इतका तो लहान झाला होता.

त्यानंतर पूजा आमच्याकडे आली, आणि तीर्थरूप देवळात यावयाचे थांबले. घरातल्या घरात ते भिंतीकडे तोंड करून बसत. चेहऱ्यावर हसू नाही, आवाज खोल गेलेला. आम्हांस वाटले, ते आमच्यावर रुष्ट आहेत. येथे आमचा एक अपराध सांगितला पाहिजे. त्यांनी घरच्या देवांसाठी चंदन उगाळावयास घेतले, तर आम्ही खोड त्यांच्या हातून काढून घेत असू, कारण त्यांना वेळ लागे आणि आम्हांस देवळात जाण्याची घाई असे. त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्या आम्हीच लावीत असू. ही सेवा आहे, असे आमचे मानणे. परंतु कित्येक महिने आम्ही त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. कारण त्यांच्या जागी आपण उभे आहोत, याची मनातून लाज वाटे.

आता भीष्मांकडे वळू. भारतीय युद्ध 18 दिवस चालले. त्यांपैकी दहाव्या दिवशी भीष्म पडले. सेनापतिपद द्रोणांकडे गेले, रथ गेला, धनुष्य गेले. ज्याने परशुरामासारख्या गुरूशी युद्ध केले, त्याला आता कुशीवर वळणेही अशक्य झाले. शरशय्येवर त्यांच्या 58 रात्री गेल्या. जगाच्या दृष्टीने हा योद्धा दहाव्या दिवशीच निवृत्त झाला. परंतु आपण आज भीष्मांचे म्हणून नित्य काय म्हणतो? त्यांनी मारलेल्या वीरांची नावे म्हणत नाही. आपल्या मातोश्री सायंकाळी ज्या विष्णुसहस्रनामाचा पाठ करतात, ते भीष्मांनी या शय्येवरून युधिष्ठिराला सांगितले. शांतिपर्वातील राजधर्म, आपद्धर्म, मोक्षधर्म, आणि पुढे अनुशासनपर्वातील दानधर्म, हे सर्व त्या पडलेल्या देहातून बाहेर आले. उभे असताना त्यांनी हस्तिनापूर राखले. आडवे पडल्यावर त्यांनी आपल्या सर्वांसाठी ठेवा ठेवला.

परंतु या कथेतील दोन गोष्टींकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

पहिली गोष्ट ही, की भीष्मांनी दुःख लपविले नाही. श्रीकृष्णांनी धर्म सांगण्याविषयी विनविले, तेव्हा पितामह म्हणाले की बाणांनी अंगाचा दाह होत आहे, बुद्धी ठिकाणावर नाही, वाणी अडखळते; अशा स्थितीत मी काय सांगणार? एवढा मोठा ज्ञानी, परंतु 'मला काही झालेले नाही' असे तो म्हणाला नाही. त्याने खरे सांगितले, तेव्हाच भगवंतांनी त्याला वर दिला की वेदना, दाह, क्षुधा, तृषा तुला पीडणार नाहीत आणि तुझे ज्ञान उजळेल. यास्तव प्रसन्नता म्हणजे ओढूनताणून आणलेले हसू नव्हे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात चित्ताच्या निर्मळ, शांत अवस्थेला 'प्रसाद' असाच शब्द आला आहे. देवळातून आपण द्रोणात जो नेतो तो प्रसाद, आणि हा मनाचा प्रसाद, शब्द एकच. गढूळ पाणी हलविल्याने निवळत नाही. ते ठेवून द्यावे लागते, मग तळ दिसतो. रोगी मनुष्यास रडू आले तर येऊ द्यावे. 'धीर धरा, सकारात्मक राहा' असा घोष त्याच्या कानाशी लावणे म्हणजे गढूळ पाणी पुन्हा ढवळणे होय.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. युधिष्ठिर त्यांच्याजवळ जावयास धजत नव्हता. ज्यांच्यावर आपल्याच पक्षाने बाण सोडले, त्यांना तोंड कसे दाखवावे, या लाजेने तो दूर राहिला होता. पितामहांनी त्याला अभय देऊन जवळ बोलाविले आणि म्हटले, निःशंक होऊन विचार. मग तो विचारीत गेला आणि भीष्म सांगत गेले. श्रोतेहो, युधिष्ठिर गेलाच नसता तर? भीष्मांजवळ ज्ञान होते, देण्याची इच्छा होती. परंतु मागणारा नसता तर ते सर्व त्या शय्येवरच विझून गेले असते. पद जाते, बळ जाते, मनुष्याजवळचे देणे मात्र राहते. आणि त्या देण्याला मागणारा लागतो. आज आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच.

हे आम्हांस पोथी वाचून कळले नाही, चुकून कळले. सन 2024 च्या श्रावणातील एका सोमवारी मातोश्रींच्या आग्रहावरून तीर्थरूप देवळात येऊन सभामंडपाच्या खांबाशी बसले होते. आम्ही नमक म्हणत होतो. रुद्राचे 11 अनुवाक. त्यांत मध्येच आमची एक ओळ सुटली आणि आम्ही पुढे गेलो. कोणाच्या लक्षात आले नाही. इतक्यात खांबाकडून क्षीण आवाज आला, 'बाळ, मागे ये. ओळ गाळलीस.' आम्ही थांबलो, मागे आलो, आणि त्यांच्या आवाजामागून म्हणू लागलो. पूजा संपल्यावर आम्ही त्यांच्यापाशी बसलो आणि प्रथमच विचारले, 'अण्णा, हा स्वर कोठे चढवावयाचा?' ते बराच वेळ सांगत राहिले. त्या दिवशी त्यांच्या मुद्रेवर काही दिसले असे नव्हे, परंतु डोळे निराळे होते.

पुढे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा त्या मुद्रेचे कोडे उलगडले. या रोगात मेंदूतील डोपामीन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. त्यामुळे हात कापतो, शरीर ताठरते, हालचाल मंदावते; चेहऱ्याचे स्नायूही मंदावतात, म्हणून आत आनंद असला तरी मुखावर उमटत नाही. लंडन येथील वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी सन 1817 मध्ये या रोगाचे सविस्तर वर्णन केले, म्हणून इंग्रजीत त्याला त्यांचे नाव मिळाले. रोगाबरोबर येणारी उदासीनताही पुष्कळ वेळा या रोगाचाच भाग असते. ती श्रद्धेची उणीव नव्हे, आणि तिच्यावर उपचार आहे. म्हणजे तीर्थरूप आमच्यावर रुष्ट नव्हते. आणि पूजेतील न्यूनाचा तर येथे काडीमात्र संबंध नाही. ज्या सज्जनांनी ते उद्गार काढले त्यांना आम्ही नम्रपणे विचारतो, भीष्मांच्या अंगात बाण रुतले ते त्यांच्या भक्तीत उणे होते म्हणून काय? दुसऱ्याच्या रोगाला त्याचे पाप चिकटविण्याचा अधिकार देवाने आपल्यापैकी कोणासही दिलेला नाही.

आता रोगी मंडळींनी काय करावे, याविषयी थोडे व्यवहाराचे. भीष्मांनी दुर्योधनाने आणलेले शल्यवैद्य परत पाठविले, ही कथा सांगून कोणी औषध टाळील, तर ते योग्य नव्हे. भीष्म इच्छामरणी होते, आपण नाही. कंपवाताचे मुख्य औषध लेवोडोपा हे आहे, आणि ते ठरल्या वेळी घेण्यावर त्याचा गुण अवलंबून असतो. ते मनाने एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. एकादशी वा सोमवार आहे म्हणून गोळी चुकवू नये. व्रताला बाध न आणणाऱ्या ज्या आठ गोष्टी शास्त्राने मोजल्या आहेत, त्यांत पाणी, फळ, दूध यांच्याबरोबर औषधाचीही गणना आहे. आयुर्वेदात सांगितलेल्या कपिकच्छूच्या, म्हणजे खाजकुइलीच्या बियांतही हेच लेवोडोपा निसर्गतः असते. म्हणूनच त्याचे चूर्ण कोणाच्या सांगण्यावरून गोळीच्या जोडीला घेऊ नये. दोन्ही मिळून मात्रा अधिक होते. जे घ्यावयाचे ते वैद्यास विचारून घ्यावे.

उंबरठ्याशी पाय अडतो, त्यावर डॉक्टरांनी सोपा उपाय सांगितला. समोर आडव्या रेघा असल्या, किंवा कानांत ताल असला, की अडलेले पाऊल पुष्कळदा उचलते. मातोश्रींनी दुसऱ्या दिवशीच देवघराच्या दारापुढे पांढऱ्या रांगोळीच्या आडव्या रेघा, पावलापावलाच्या अंतराने काढल्या. तीर्थरूप रेघेवर पाय ठेवीत चालतात. देवळात येताना आम्ही शेजारी हलके टाळी वाजवितो, जणू भजनाचा ठेका धरला आहे. आपल्या वारकरी मंडळींनी टाळावर पाऊल टाकण्याची रीत शेकडो वर्षे सांभाळली. तीच रीत आमच्या घरी औषध म्हणून आली.

पूजेविषयीही एक सांगावेसे वाटते. षोडशोपचार पूजा 16 उपचारांची. ती न साधल्यास गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य अशी पंचोपचार पूजा. आणि तीही न साधल्यास मानसपूजा. मानसपूजा ही आळशी माणसाची पळवाट आहे, असा आमचा समज होता. आमचे तीर्थरूप आता पहाटे आसनावर बसून मनाने गाभारा उघडतात, मनाने गळती लावतात, मनाने चंदन उगाळतात. ते म्हणाले, 'हात चालत होते तेव्हा हाताने पूजा होई आणि मन हिशेबाकडे जाई. आता हात नाही, म्हणून मनाला पळता येत नाही.' घरच्या देवांचे चंदनही ते पुन्हा स्वहस्ते उगाळतात. पाऊण तास लागतो. आम्ही खोड काढून घेत नाही, देव थांबतात.

आणि दुपारी, गोळीचा गुण असतो त्या वेळात, ते शेजारच्या चार मुलांना रुद्र शिकवितात. या रोगात आवाज खोल जातो, आणि मोठ्याने, ठासून बोलण्याचा सराव हाच त्यावरील व्यायाम आहे, असे डॉक्टर म्हणतात. मुलांना ऐकू जावे म्हणून तीर्थरूपांना आवाज चढवावाच लागतो. म्हणजे मुले शिकतात, आणि गुरुजींचे औषध होते. कोणी कोणावर उपकार केला, हे ठरविणे कठीण.

हे सर्व ऐकून कोणास वाटेल की आमच्या घरी आता सर्व गोड झाले. तसे नाही. हा रोग बरा होणारा नव्हे. काही दिवस असे येतात की शब्दही बाहेर पडत नाही, मुले येऊन परत जातात, आणि रात्री कूस बदलावयास आम्हांस उठावे लागते. अशा दिवशी तीर्थरूप एवढेच म्हणतात, 'आज नाही.' पूर्वी ते 'आता नाही' म्हणत. या दोन शब्दांत जेवढे अंतर आहे, तेवढीच प्रसन्नता आम्ही कमावली आहे. ती थोडी वाटली, तरी आम्हांस पुरते.

ज्यांना हे एका पुजाऱ्याच्या घरापुरतेच वाटेल, त्यांनी बाबा आमटे यांचे स्मरण करावे. मणक्याच्या विकारामुळे त्यांना बसणे अशक्य झाले. उभे राहावे किंवा आडवे व्हावे, एवढेच उरले. तरीही सन 1985 च्या डिसेंबरात, सत्तरी ओलांडलेल्या वयात, ते तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडण्याच्या यात्रेस निघाले आणि वाहनात आडवे पडून देश पाहत गेले. पुढे सन 1990 पासून आपल्याच निमाडात, बडवानीजवळ नर्मदेच्या काठी कसरावद येथे त्यांनी दीर्घकाळ वास्तव्य केले. बसता येत नाही, हे दुःख त्यांनी नाकारले नाही. उभे राहून काय होईल आणि पडून काय होईल, एवढाच हिशेब केला.

नोकरीत असणाऱ्या सभासदांसाठी एक सूचना. सन 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात कंपवाताचा समावेश केलेला आहे. शासकीय आस्थापनेतील नोकरास सेवेत असता असे अपंगत्व आले, तर त्यावरून त्याला कमी करता येत नाही. त्याच वेतनावर दुसरे झेपणारे काम द्यावे, असा त्यात दंडक आहे. म्हणून रोगाच्या पहिल्या धक्क्यात, लाजेपोटी, कोणी घाईने राजीनामा लिहू नये. प्रथम चौकशी करावी, जाणत्याचा सल्ला घ्यावा. सोडणे भागच पडले, तर ते विचारपूर्वक सोडावे.

शेवटी, धडधाकट मंडळींना हात जोडून विनंती. आपल्या ओळखीत जो कोणी रोगाने घरी बसला आहे, त्याच्याकडे या पंधरवड्यात एकदा जावे. जाताना फळे न्यावी हे चांगलेच. परंतु एक प्रश्नही न्यावा. निवृत्त शिक्षकास आपल्या मुलाचे अडलेले गणित विचारावे. हिशेबनिसास मंदिराची वही दाखवावी. हात अधू झालेल्या गृहिणीस पुरणाचे प्रमाण विचारावे आणि ती सांगेल तसे तिच्यासमोर शिजवावे. 'कशी आहे प्रकृती?' या प्रश्नाला रोग उत्तर देतो. 'हे कसे करावयाचे?' या प्रश्नाला मनुष्य उत्तर देतो. आम्ही कित्येक महिने हा प्रश्न विचारावयाचे चुकलो. आपण चुकू नये.

आणि जे शय्येवर आहेत, त्यांच्या चरणी एवढीच प्रार्थना: युधिष्ठिर लाजून दाराबाहेर उभा असतो. त्याला आपणच हाक मारावी.

श्रीशंभुमहादेव आपल्या सर्वांच्या चित्तास प्रसाद देवो.

॥ शिवार्पणमस्तु ॥